संस्था अनुदानित आहे, सरकारी तपासणी होते. मतिमंद मुलाला तिथे ठेवायला एवढं पुरेसं आहे का?

नाही. माझा धाकटा भाऊ सहा वर्षं अशाच एका निवासी संस्थेत होता, म्हणून सांगते.

त्याच्या फिटच्या गोळ्या द्यायला एकदा न कळवता गेले. प्रत्येक कॉटवर नवी चादर, मुलांच्या अंगात नवे शर्ट. काळजीवाहक मावशी म्हणाल्या, "ताई, आज तपासणी आहे." साहेब आले, ऑफिसात हजेरीपट पाहिला, पोहे खाल्ले, मुलांच्या खोलीत दारातूनच डोकावले. संडासाकडे कोणी फिरकलं नाही. पन्नास मुलांना रात्री ही एकच मावशी सांभाळते, हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळी चादरी परत कपाटात गेल्या, माझ्यासमोर.

पुढे माहिती अधिकारात जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून तो अहवाल काढला. "स्वच्छता समाधानकारक." सोबत हजेरीपटाची प्रत. दिवाळीत बारा दिवस माझ्या शेजारी झोपलेला माझा भाऊ बाराही दिवस तिथे हजर! परिपोषण अनुदान, म्हणजे मुलांच्या राहण्याखाण्याचे सरकारी पैसे, दरडोई मिळतं. कागदावर नाव असलं की भागतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, अटी मोडल्या तर कलम 52 खाली ती रद्दही करता येते. पण रद्द केली तर पन्नास मुलं न्यायची कुठे? माझ्या मते म्हणूनच सगळे गप्प बसतात.

तुम्ही रात्री आठनंतर जा. पाळीला कोण आहे बघा. मुलाची नखं, वजन, अंगावरचे वळ बघा. घरी नेल्याच्या तारखा लिहून ठेवा. खोटेपणा सापडला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा, त्यांना साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

आमचा दादा म्हणायचा, "सरकार पैसे देतं म्हणजे बघतच असणार, संस्थेशी वाकडं घेऊ नकोस." हजेरीपट पुढे ठेवला तर म्हणाला, "सगळीकडे असंच चालतं." नाही चालत. मनापासून चालवलेल्या संस्थाही मी पाहिल्यात, तिथे थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊ देतात. तशी मिळाली तर जरूर ठेवा.

भाऊ आता माझ्याकडे असतो. दादाच्या मते मी घाई केली. सहा वर्षांत तो स्वतः दोनदा गेला होता, दोन्ही वेळा आधी फोन करून.