विचारा काकांना : एक पंख आखूड

गेल्या अंकात मी एका पुस्तकाबद्दल, ग्रेगरी क्राऊचच्या 'चायनाज विंग्ज'बद्दल, चार ओळी खरडल्या होत्या. एका अमेरिकन गिर्यारोहकानं लिहिलेलं, युद्धाच्या धामधुमीत चीनमध्ये विमानं चालवणाऱ्या कंपनीचं. वाटलं होतं, सोलापुरात कोणाला पडलंय त्याचं. पण पत्रांचा ढीग आला. म्हणून या महिन्यात फक्त विमानं. गच्चीवरच्या टाक्या आणि सोलर हीटरवाल्यांनी जरा दम धरावा. नव्या वाचकांसाठी : मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पंख दुरुस्त करणारा होतो, जोरहाटला डकोटांवर काम केलंय. वैमानिक नव्हतो. त्यामुळं उत्तरं खालून वर बघणाऱ्याची आहेत.

प्रश्न : डोंगर चढणाऱ्या माणसानं विमानकंपनीवर का लिहावं? माझा मुलगा ट्रेकिंग करतो. त्याला घेऊन देऊ का?
— एक आई, जुळे सोलापूर

ताई, द्या. फक्त दोर, गाठी, तंबू यात नाहीत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चार पानांत ठेवून देईल.

गिर्यारोहक या विषयाकडं वळला याचं मला नवल वाटलं नाही. सामान किती घ्यायचं, त्या ओझ्यानिशी किती उंची गाठता येईल, बिनसलं तर परत फिरायला दम उरेल का, हा हिशेब त्या लोकांच्या हाडीमासी असतो. आसामातून चीनला जाणाऱ्या वैमानिकाचा रोजचा हिशेबही हाच. त्या वाटेला 'हंप' म्हणत. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या दिंजानहून कुनमिंग, साधारण आठशे किलोमीटर. आधी पटकाई, मग इरावती, साल्वीन, मेकाँग या नद्यांमधल्या रांगा. मुख्य रांग पंधरा हजार फुटांची. भरलेल्या डीसी-३चं (आम्ही ज्याला डकोटा म्हणायचो तेच विमान) एक इंजिन गेलं तर ते दहा हजार फुटांवरही टिकत नसे. मग माल दारातून खाली ढकलायचा, नाहीतर पॅराशूट बांधून आपणच उडी टाकायची.

कंपनीचं नाव चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन, सगळे सीएनएसी म्हणत. १९२९ ची सुरुवात. १९३३ पासून ४५ टक्के भाग अमेरिकेच्या पॅन ॲम या विमानकंपनीचा, ५५ टक्के चिनी सरकारचा. सुरुवातीला यांगत्से नदीच्या पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, शांघाय ते हांको टपाल आणि प्रवासी. हे काही लष्कर नव्हे. तिकीट काढायचं, वजन करायचं, बसायचं.

शूर वैमानिकांच्या गोष्टी खूप झाल्या. मला यातला विल्यम लँगहॉर्न बाँड आवडतो. १९३१ मध्ये चीनला आलेला व्यवस्थापक. जपान्यांनी शांघाय घेतलं तेव्हा कंपनी हांकोला, हांको पडायला आलं तेव्हा चुंगकिंगला, अशी सुटे भाग आणि माणसं घेऊन हलवत नेणारा. चीनला माल नेणारी ब्रह्मदेशची सडक बंद पडण्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, या कंपनीनं हंपच्या वाटेची हवाई पाहणी करून ठेवली होती. अमेरिकन सैन्याची अवाढव्य वाहतूक त्या वाटेनं नंतर सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाख टन माल तिकडं गेला. आकडा सैन्याच्या नावावर लागला, पाऊलवाट मात्र तिकीट फाडणाऱ्या कंपनीनं पाडली. माझं तरी मत असं आहे.

मुलाला मून चिनची गोष्ट आधी वाचायला सांगा. मे १९४२. ब्रह्मदेशातलं मिचिना. जपानी दारात येऊन ठेपलेले आणि धावपट्टीवर निर्वासितांची गर्दी. २१ प्रवाशांच्या डीसी-३ मध्ये या चिनी-अमेरिकन वैमानिकानं माणसं घेतली, आणखी घेतली. विमान उडालं तेव्हा आत ७२ जण होते. त्यांत होते जेम्स डूलिटल, मागच्याच महिन्यात टोकियोवर बॉम्ब टाकून आलेले अमेरिकन वैमानिक. एवढी माणसं चढताना बघून तेही चरकले होते.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना आम्ही भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक दाखवायला नेतो. एका मुलीनं विचारलं, कोटणीस चीनला याच कंपनीच्या विमानानं गेले का? मला सांगता आलं नाही.
— एक शिक्षिका, सात रस्ता

बाई, मुलगी हुशार आहे. पण नाही, ते बोटीनं गेले. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' सुटली. पाच डॉक्टर : प्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, आपले कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. हाँगकाँगवरून कँटन, तिथून पुढं आत. फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या ठाण्यावर, पोचले.

आता त्या मुलीला हे सांगा. बोट सुटायच्या आठवडाभर आधी, २४ ऑगस्टला, सीएनएसीचं 'क्वेलिन' नावाचं डीसी-२ हाँगकाँगहून चुंगकिंगकडं निघालं होतं. जपानी लढाऊ विमानांनी ते गाठलं. वैमानिक ह्यू वुड्सनं ते नदीत उतरवलं, तरी जपान्यांनी वरून गोळ्या चालवणं सोडलं नाही. वैमानिकासह तिघे वाचले. शत्रूनं पाडलेलं हे पहिलं प्रवासी विमान मानतात. बोटीवरच्या डॉक्टरांना आपण कोणत्या मुलखात चाललोय हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

(ते विमान नदीतून काढलं, दुरुस्त केलं, 'चुंगकिंग' असं नवं नाव देऊन पुन्हा चालवलं. ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी तेही जाळलं. एकच विमान दोनदा.)

अजून एक. हंपवरून आलेल्या औषधांनी कोटणीसांचं रुग्णालय चालत होतं, असं कुठं भाषणात ऐकलंत तर पुढं सांगू नका. तो माल चिआंग काई-शेक यांच्या सरकारकडं आणि तिथल्या अमेरिकन हवाई दलाकडं जायचा. कोटणीस होते उत्तरेला, कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर, जपानी वेढ्याच्या आत. तिथं जे हाताशी असेल त्यावर शस्त्रक्रिया चालत. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते.

प्रश्न : एक पंख दुसऱ्यापेक्षा पाच फूट आखूड असलेलं विमान उडालं, असं तुम्ही लिहिलंत. होस्टेलवर सगळे हसले. काका, खरंच?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अक्कलकोट रोड

हसू देत. त्यांनी पंख उतरवलेला नाही, मी उतरवलाय.

मे १९४१. यांगत्सेकाठी सुइफूला उभ्या असलेल्या सीएनएसीच्या एका डीसी-३ वर बॉम्ब पडले आणि उजवा पंख गेला. बाकी विमान बऱ्यापैकी धड. डीसी-३चा जादा पंख कुठंच नाही. हाँगकाँगला होता तो आधीच्या मॉडेलचा, डीसी-२चा. डीसी-३ची एकूण रुंदी ९५ फूट, डीसी-२ची ८५. म्हणजे प्रत्येक बाजूला पाच फुटांचा फरक. कंपनीचा दुरुस्तीप्रमुख सोल्डिन्स्की याच्या माणसांनी तो पंख दुसऱ्या एका विमानाच्या पोटाखाली बांधला आणि वैमानिक हॅरॉल्ड स्वीट तो तसाच शेकडो मैल घेऊन गेला. मला विचाराल तर खरं धाडस ते. पोटाखाली पंख बांधून उडायचं म्हणजे हवेनं तो कुठं ओढला जाईल याचा नेम नाही.

आता बसला कसा? डकोटाचा बाहेरचा पंख मधल्या भागाला बोल्टांच्या रांगेनं धरलेला असतो. एक-दोन नव्हे, शेकडो. सांध्यावर एक पातळ पट्टी असते. ती काढली की वरून एक रांग, खालून एक रांग. खालच्या रांगेला उताणं पडून हात वर करायचा. पाना अर्धा वळसा घेतो, काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा अर्धा वळसा. जोरहाटच्या पावसात बोटांची सालं निघायची आणि फ्लाइट सार्जंट छत्रीखाली उभा राहून बोल्ट मोजायचा. एक कमी भरला तर सगळे परत. डीसी-३ हे डीसी-२ वाढवूनच केलेलं, त्यामुळं सांधा जुळला. तो जुळला नसता तर ही गोष्टच झाली नसती.

उडालं कसं? पंख टोकाकडं निमुळता असतो, म्हणून गेलेलं क्षेत्रफळ वाटतं तेवढं नाही. पण गेलं ते टोकाकडचं, तिथं तरफेचा दांडा लांब पडतो, त्यामुळं विमान उजवीकडं कलणारच. ते वैमानिकानं एलेरॉननं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीनं, सावरायचं. कावडीची एक घागर अर्धी असली तरी माणूस खांदा सरकवून चालतोच. फक्त विमान रिकामं ठेवायचं, कारण डीसी-२चा पंख अठरा-साडेअठरा हजार पौंडांच्या विमानासाठी केलेला आणि भरलेलं डीसी-३ पंचवीस हजारांचं. स्वीटनंच ते हाँगकाँगला नेलं. लोकांनी नाव ठेवलं 'डीसी-अडीच'.

मित्रांना म्हणावं, एरोडायनॅमिक्सच्या सरांना विचारा आणि मग हसा.

प्रश्न : आपल्या होटगी रोडच्या विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली. हाँगकाँगच्या विमानतळाला तर डोंगरच होते म्हणे. मग?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड

साहेब, चिमणीचा वाद मी या सदरात आणणार नाही, संपादक मला काढतील. धावपट्टीच्या रेषेत उंच काही नको, एवढंच म्हणतो.

हाँगकाँगच्या त्या काई टाक विमानतळाच्या उत्तरेला डोंगर होतेच. त्यावर कडी म्हणजे 'क्वेलिन'च्या प्रकारानंतर ही कंपनी हाँगकाँगहून मुद्दाम रात्री निघायची, आणि तेही हवा खराब असेल तेव्हा. ढग, पाऊस असला की जपानी लढाऊ विमानं गाठत नाहीत, म्हणून. जगातले सगळे वैमानिक स्वच्छ आकाशाची वाट बघतात, हे लोक ढगांची बघायचे.

८ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी काई टाकवर बॉम्ब टाकले, कंपनीची बरीच विमानं जमिनीवरच गेली. उरलेल्यांनी पुढच्या दोन-तीन रात्री अंधारात फेऱ्या मारून शेकडो माणसं बाहेर काढली. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग त्यांत होत्या. कंपनीचे मेकॅनिक आणि त्यांची कुटुंबंही होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते मागं राहिले असते तर हंपवर पुढं विमान कोण उडवणार होतं?

प्रश्न : यात आपल्या लोकांचं काय?
— एक वाचक, बाळे

आसामातले तळ आपल्या लोकांनी बांधले. चबुआ तर चहाच्या मळ्यावरच. मळ्यांतल्या मजुरांनी, बायामाणसांनी डोक्यावर पाट्या वाहून. सीएनएसीच्या विमानांची मोठी दुरुस्ती कलकत्त्याला डमडमला व्हायची. पुस्तकांत वैमानिकांची नावं पानोपानी असतात, पाट्या वाहणाऱ्यांचं एकही नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

प्रश्न : मला विमानात बसायची भीती वाटते. हे पुस्तक वाचू का?
— एक गृहिणी, शेळगी

नको.

प्रश्न : पुढं कंपनीचं काय झालं?
— एक वकील, पार्क चौक

वकीलसाहेब, तुमच्याच कामाचं आहे. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा विमानं हाँगकाँगला होती. ९ नोव्हेंबरला या कंपनीची आणि तिच्या जोडीच्या दुसऱ्या चिनी कंपनीची मिळून बारा विमानं गुपचूप उडाली आणि नव्या सरकारकडं गेली. मागं सत्तरच्या आसपास राहिली. त्यांची मालकी कोणाची? पेकिंगच्या नव्या सरकारची की तैवानला गेलेल्या चिआंगच्या सरकारनं ज्या अमेरिकन कंपनीला विकली तिची? हाँगकाँगच्या कोर्टांनी पेकिंगच्या बाजूनं कौल दिला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या कोर्टापर्यंत, गेलं आणि १९५२ मध्ये तिथं तो फिरला. तोवर विमानं काई टाकच्या खाऱ्या हवेत उभी होती. तीन वर्षं समुद्राकाठी उभ्या ॲल्युमिनियमचं काय होतं ते मला विचारा. शेवटी ती जहाजांवर चढवून अमेरिकेला नेली.