बापूंची राजदूत मोटारसायकल बारा वर्षं शेतातल्या खोलीत उभी आहे. पुन्हा चालू कशी करावी?

भाऊ, बापूंची आठवण म्हणून गाडी जपायची असेल तर रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा. आणि आत्ता किक तर अजिबात मारू नका.

चोपड्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा बऱ्यापैकी टिकतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात रबर कडक होऊन तडकतं. राजदूतच्या १७३ सीसी टू-स्ट्रोक इंजिनला तेच नडतं. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या डब्यात जातं. तिथल्या क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या, म्हणजे ऑइल सील, कडक झाले की तिथून जास्तीची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. नवं पिस्टन टाकूनही गाडी पुन्हा सीज (जाम) झाली, तर आधी सीलवरच संशय घ्यावा. गरम झाल्यावर रेस आपोआप वाढत असेल, एक्सिलेटर सोडला तरी लवकर उतरत नसेल, तर हवा कुठून तरी आत शिरतेय. मेकॅनिक म्हणेल, "आधी चालू करून बघू." चालू होईलही, पण इंजिन उघडून दोन्ही सील आणि क्रँकचे बेअरिंग बदलल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

पिस्टन जाम असेल तर प्लग काढा, भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून साधारण ५० मिली सोडा आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे डोलवा. किकवर उभं राहिलं तर किकचे दाते तुटतात. तरीही नाही सुटला, तर हेड काढून पुन्हा तेल मुरवा, हातोडा नको.

ब्लॉकला (सिलिंडरला) आत रेघा असतील तर बोअर, म्हणजे आतून घासून थोडा मोठा, करावा लागेल. इथे क्रम चुकवू नका: आधी ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा हातात घ्या, मग जळगाव किंवा धुळ्याच्या चांगल्या बोअरिंगवाल्याकडे ब्लॉक आणि पिस्टन एकत्र द्या. ०.५० मिमीचा बोअर करून ठेवला आणि बाजारात त्या मापाचा पिस्टनच मिळाला नाही, तर ब्लॉक अडकून पडतो. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून मोठ्या टोकाला खेळ लागतोय का तेही तेव्हाच बघा.

टाकीतलं जुनं पेट्रोल फेकायचंच. गंजाला लिंबूसत्व चांगलं: लिटरभर गरम पाण्यात ५०-६० ग्रॅम, रात्रभर. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि लगेच आतून टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा गंज धरतो. गळकी टाकी वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. पेट्रोलच्या कॉकचे (टाकीखालच्या तोटीचे) वॉशर आणि पेट्रोलची नळी नवी घाला, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीचं घर आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची कुरतड आहे का, तेही बघून घ्या.

स्पार्क पिवळट, बारीक असेल तर पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासून ०.३५ ते ०.४० मिमी गॅप ठेवा. पॉइंट सारखे जळत असतील तर कंडेन्सर गेलाय. टायर, ट्यूब, ब्रेक शू, केबली यांवर विचार करू नका, सरळ नवं घाला.

बाहेरून मात्र हात आखडता घ्या. टाकीवर बापूंच्या गुडघ्यांनी घासलेला रंग कुठल्याच पेंटरला परत आणता येणार नाही. फक्त पॉलिश करा. जिथे गंज पत्रा खातोय, तेवढीच जागा रंगवा. चेसिस नंबरवर पावडर कोटिंग चढू देऊ नका, आरटीओत तपासणीला तो स्वच्छ वाचता आला पाहिजे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी गाडीचं पुस्तक (आरसी बुक) शोधा. जुनी नोंद ऑनलाइन चढलेली नसेल तर जळगावच्या आरटीओत ती आधी चढवून घ्यावी लागते. मग मृत्यू दाखला आणि वारसांची संमती जोडून फॉर्म ३१ ने गाडी तुमच्या नावावर होते. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण फॉर्म २५ ने, सोबत पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट.

इंजिन बांधल्यावर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४० मिली टूटी ऑइल घाला, मागे कोणाला बसवू नका, आणि दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ द्या. मधूनच प्लग काढून बघा: कॉफीसारखा तपकिरी असेल तर बरोबर, पांढरा पडला तर गाडी तिथेच थांबवा, कुठून तरी हवा ओढतेय.