मेक्सिकोचं पोंचे म्हणजे आपलं 'पाच' का?

प्रश्न असा आहे की मेक्सिकोत ख्रिसमसच्या दिवसांत जे गरमागरम पोंचे पितात त्या नावाचा आपल्या 'पाच'शी संबंध आहे का, आणि मराठीत लिहिताना 'पंच' लिहावं की 'पोंचे'.

संबंध आहे, फक्त वळसा घालून. स्पॅनिशने शब्द घेतला इंग्रजी 'पंच'वरून आणि इंग्रजांनी तो उचलला इथून, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. इंग्रजीत तो १६३२ च्या एका पत्रात सापडतो. पुढे १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर आपल्या किनाऱ्यावर फिरत होता, त्याने लिहून ठेवलंय की गोव्यातल्या नेरूळला उत्तम दारू गाळतात, तिच्यापासून इथले इंग्रज 'पाँच' करतात आणि पाच जिनसा पडतात म्हणून हे नाव. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, झाले पाच. काहीजण दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून, 'पंचन'वरून व्युत्पत्ती लावतात, पण मला फ्रायरची साक्ष जास्त वजनदार वाटते. कोश 'हिंदी पाँच' म्हणतात, तेही बरोबरच, फक्त हा माणूस कोकण किनाऱ्यावर होता हे मराठी माणसाने लक्षात ठेवावं.

मेक्सिकोत मात्र पाचाचा हिशोब कुणी ठेवत नाही. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री 'पोसादा' असतात, पोसादा म्हणजे उतारा, मुक्कामाची जागा. मंडळी मेरी-जोसेफच्या वतीने दारात उभी राहून गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नाही म्हणतात, शेवटी दार उघडतं आणि मग पोंचेचं पातेलं. त्यात ऊस, पेरू, चिंच, दालचिनी, सुके प्लम, आपल्या लाल अंबाडीसारखी आंबट बोंडं आणि 'पिलोन्सियो' म्हणजे शंकूसारखी गुळाची छोटी ढेप. आणि तेहोकोते, मोठ्या बोराएवढं पिवळं फळ, ते नाही तर पोंचे नाही असं तिथली माणसं सांगतात. तेहोकोते हा शब्द अस्सल तिथलाच, नाहुआत्ल या तिथल्या मूळच्या भाषेतला, 'दगड' आणि 'आंबट फळ' मिळून झालेला. दारू हवी असेल तरच घालतात आणि त्याला म्हणतात 'कोन पिकेते', डंखासकट. किती नेमकं!

आता लिहायचं कसं. 'पंच' लिहिलं की आपल्याला थंडगार फ्रूट पंच नाहीतर क्रिकेटचा पंच आठवतो, म्हणून माझं मत 'पोंचे'. फक्त 'चे' चेहऱ्यातला, 'पुण्याचे'मधला नाही, नाहीतर वाचणारा 'पों' कुणाचे म्हणून शोधत बसेल. लिंग स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी आहे, पण मराठीत सरबतासारखं नपुंसकच कानाला बरं लागतं, 'पोंचे उकळलं', 'पोंचे प्यायलं'.