रेल घेण्याआधी एक लवंग समोर ठेवा

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. ९० मिमीची मॅक्रो लेन्स, क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, फोकस रिंग हाताने फिरवत काढलेल्या आणि मग सॉफ्टवेअरने एकाच चित्रात जोडलेल्या (म्हणजे फोकस स्टॅकिंग केलेल्या) चाळीस फ्रेम आणि समोर उड्या मारणारा कोळी. डोळे लख्ख आलेत. पण डोळ्यांच्या लगेच मागे एक धुरकट पट्टा आहे, त्यामागे पाठीवरचे केस पुन्हा स्पष्ट दिसतात, आणि पुढच्या पायांभोवती पांढुरकी झालर आली आहे. आता कॅमेरा बारीक पावलांनी पुढे सरकवणारी मोटरवाली रेल घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता नको. हे दोन वेगळे दोष आहेत, आणि झालर तर रेलने जाणारच नाही.

आधी पट्टा. तुमच्या चाळीस फ्रेम एकेक करून १०० टक्क्यांवर बघा. डोळ्यांमागचा तो भाग एखाद्या तरी फ्रेममध्ये स्पष्ट आहे का? कुठेच नसेल, तर तिथे रिंग एकदम जास्त फिरली आणि मधली जागा सुटली. एखाद्या फ्रेममध्ये स्पष्ट असूनही अंतिम चित्रात धूसर असेल, तर कोळी हलला किंवा सॉफ्टवेअरने चुकीची फ्रेम उचलली. मला पहिलं कारण वाटतंय, कारण १:१ वर (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ/५.६ ला असताना क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ०.४५ मिमी असते. बोटांच्या अंदाजाने तेवढं अंतर सारखं सरकवणं फार अवघड आहे.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, स्वतः मोजा. स्टीलची पट्टी टेबलावर ४५ अंशात तिरकी टेकवा आणि तुमच्या नेहमीच्या अंतरावरून एक फोटो काढा. पट्टीवर जेवढे मिलिमीटर स्पष्ट दिसतात त्यांना ०.७ ने गुणा, ती तुमची खरी खोली. दोन फ्रेममध्ये फोकस सरकवण्याचं प्रत्येक पाऊल त्याच्या दोन तृतीयांश ठेवा, म्हणजे एफ/५.६ ला साधारण ०.३ मिमी. फ्रेम एकमेकींवर थोड्या चढल्या पाहिजेत, नुसत्या टेकून चालत नाही.

मग छिद्र एफ/१६ इतकं बारीक करून फ्रेम कमी का करू नयेत? कारण १:१ वर आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो. एफ/१६ लावलात तरी प्रकाशाच्या दृष्टीने तो एफ/३२ असतो आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळं चित्र मऊ पडतं. स्टॅकिंगचा मुख्य फायदाच हा, की लेन्सचं सर्वांत धारदार छिद्र वापरता येतं. एफ/५.६ ते एफ/८ च्या पुढे मी सहसा जात नाही.

आता सराव. कोळी काही दिवस विसरा आणि स्वयंपाकघरातून एक लवंग आणा. हलत नाही, सुरकुत्या भरपूर, वरच्या चार टोकांच्या मध्ये गोल बोंड. फूल लेन्सकडे आणि देठ मागे, अशी चिकणमातीत खोचा. नुसत्या फुलाला पंधराएक फ्रेम लागतात, देठापर्यंत जायचं तर पन्नासच्या आसपास. कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ पक्के, ऑटोफोकस बंद, ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशनही बंद, आणि दोन सेकंदांचा टायमर. पंखा बंद करा. घरात मिक्सर चालू असेल तर थांबा. टेबलाची ती थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण १:१ वर फोटोत हमखास उतरते. चौकटीत चारी बाजूंना जागा सोडा, कारण फोकस सरकला की चित्राचा आकार किंचित बदलतो आणि सॉफ्टवेअर जुळवताना कडा खाऊन टाकतं.

तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप थोडाथोडा सरकवत फ्रेम काढण्याची सोय) आहे का, तेही बघा. निकॉनने ही सोय २०१७ मध्ये डी८५० मध्ये फोकस शिफ्ट नावाने दिली, कॅननने २०१९ मध्ये ईओएस आरपीमध्ये. ती असेल तर १:१ पर्यंत रेलची गरजच नाही, लेन्सच फोकस सरकवते. रेल खरी उपयोगी पडते ती १:१ च्या पलीकडे.

झालरीचं कारण समजून घेतलं तर अर्धं काम होतं. तुम्ही मागच्या पाठीवर फोकस करता तेव्हा पुढचा पाय धूसर होऊन फुगतो आणि आपल्या आजूबाजूची जागा झाकतो. म्हणजे पायाच्या कडेला लागून असलेली पाठ एकाही फ्रेममध्ये नीट दिसलेली नसते. जे टिपलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर कुठून आणणार? म्हणून कोन बदला, पाय पाठीवर आडवे येणार नाहीत असा. मागचा पडदा लांब न्या. उरलेलं हाताने दुरुस्त करावं लागतं. झेरीन स्टॅकर या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी डीमॅप पद्धतीचं चित्र पाया म्हणून घेतो, त्यात रंग आणि मऊ भाग चांगले राहतात. एकमेकांवरून जाणारे केस पीमॅक्स या दुसऱ्या पद्धतीत चांगले येतात, ते तिथून ब्रशने उचलून आणतो. हेलिकॉन फोकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बी आणि सी पद्धती साधारण याच जोडीच्या. फोटोशॉपचं ऑटो ब्लेंड लवंगेला पुरतं, केसाळ कोळ्याला अपुरं पडतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. सेन्सरवर धुळीचा एक कण असला, तरी फ्रेम जुळवताना तो प्रत्येक वेळी जरा सरकतो आणि अंतिम चित्रात मुंग्यांची रांग लागल्यासारखे ठिपके उमटतात. स्टॅक करण्याआधीच एका रॉ फाइलवरून तो काढा आणि तीच दुरुस्ती सगळ्या फ्रेमना लावा.

जिवंत कोळ्याकडे वळाल तेव्हा चाळीसचा हट्ट सोडा. भल्या पहाटे, गारवा असताना कीटक आणि कोळी संथ असतात, तेव्हा डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) लावलेल्या फ्लॅशवर, श्वास रोखून, शरीर किंचित पुढे नेत सहा-आठ फ्रेम घ्या. या कोळ्याचे मधले दोन मोठे डोळे आतून हलतात. तो निश्चल बसलेला असला तरी डोळ्यांचा रंग दोन फ्रेममध्ये वेगळा दिसू शकतो, म्हणून डोळे नेहमी एकाच फ्रेममधून घ्या. थोड्या फ्रेमचं महत्त्व मी कासच्या पठारावर गवती दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीवर शिकलो. तिच्या प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब असतो. वाऱ्यात घेतलेले तीस-तीस फ्रेमचे सगळे स्टॅक वाया गेले, आणि वारा क्षणभर पडला तेव्हाच्या सहा फ्रेमनी चित्र दिलं. तिथे पायवाटेवरून जेवढं मिळेल तेवढंच घ्या, एका फुलासाठी दहा फुलं तुडवू नका.

आणि कृपा करून कोळी फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करू नका. हा सल्ला मलाही कोणीतरी दिला होता. छायाचित्रकार लेव्हन बिस एका कीटकाच्या चित्रासाठी आठ हजारांच्या वर फोटो जोडतात, पण ते कीटक संग्रहालयात टाचणीला लावलेले नमुने आहेत. तशी खोली हवीच असेल तर खिडकीच्या कट्ट्यावर आपोआप मेलेली माशी शोधा, पावसाळ्यानंतर हव्या तेवढ्या मिळतात.

रेलचे पैसे सध्या एका चांगल्या फ्लॅशकडे वळवा, डिफ्यूझर पांढऱ्या फोमचा घरी होतो. त्याआधी पट्टीचा तो तिरका फोटो इथे टाका, तुमचं पाऊल नेमकं किती ठेवायचं ते त्यावरून ठरवू.