मॅच चालू असताना हाक मारली की

प्रश्न: ताई, आम्ही फोंड्याजवळ राहतो, मुलगा नववीत. दुपारी शाळेतून आला की युनिफॉर्म न बदलताच फोन घेतो आणि मित्रांबरोबर टीम करून ती गोळीबाराची गेम सुरू. जेवायला हाक मारली की "आई, मॅच चालू आहे", इकडे शीत-हुमण गार. मध्ये ह्यांच्या यूपीआयवरून बंदुकीच्या रंगासाठी बाराशे रुपये गेले. ह्यांनी फोन काढून घेतला तर दोन दिवस धड बोलला नाही. अशा गेम्सवर बंदी आलीय ना? की ह्याला व्यसनच लागलंय?
- एक आई

उत्तर: बंदीचं आधी सांगते. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आहे, म्हणजे पैसे भरा आणि जिंकलात तर पैसे मिळवा असला प्रकार. बंदुकीचा रंग विकत घेणं त्यात येत नाही, त्यामुळे कायद्याची वाट बघू नका, पैशाची वाट तुम्हीच बंद करा. यूपीआयचा पिन त्याला ठाऊक असणार, तो आजच बदला, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा.

आता जेवणाचं. "मॅच चालू आहे" हे पोर खोटं बोलत नाही हो! ह्या गेममध्ये शंभरेक जण एका बेटावर उतरतात, चौघाचौघांच्या टीम असतात, शेवटची टीम उरेपर्यंत खेळ चालतो, मोठ्या मॅपवर सहज अर्धा तास जातो आणि मध्ये पॉज नाहीच. हा उठला तर बाकीचे तिघे मरतात आणि तेच तिघे उद्या वर्गात बाजूच्या बाकावर. म्हणून "पाच मिनिटांत ऊठ" म्हटलं की भांडण ठरलेलं. मिनिटं सोडा, मॅच मोजा. आधी जेवण, मग दोन मॅच, असं त्याच्याशी बसून ठरवा, आणि मॅच संपून स्क्रीन लॉबीत आली की स्टार्टवर बोट जायच्या आत हाक मारा, तेव्हा तो उठतो.

व्यसनाचं म्हणाल तर दोन दिवसांच्या रुसव्याला व्यसन म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा आजार आहे खरा, पण खेळण्यावर ताबाच राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असून थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर तसं म्हणतात. तरी शाळा बुडायला लागली, झोप उडाली, संध्याकाळी मैदानावर फुटबॉलला जायचा तेही सुटलं, तर वर्ष मोजत बसू नका. 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे. नाहीतर सरळ बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात घेऊन जा. बांबोळी म्हटलं की आपल्याकडे अजून लोक दचकतात, याचं मला फार वाईट वाटतं, तिथे जाण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आणि ह्यांना सांगा, फोन परत द्या. फक्त रात्री दहानंतर तो हॉलमध्ये चार्जिंगला लागायचा, आणि त्याच्या बाजूला ह्यांचाही.