टाइमटेबल भिंतीवर, दिवस भलतीकडेच!

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होते, रूटीन बसत नाही. त्यातले चार घेतलेत. पहिल्याला जागा जास्त गेलीय कारण तसे प्रश्न सगळ्यात जास्त होते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, दोन वर्षं झाली पुण्यात राहून एमपीएससी (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा) करतोय. प्रॉब्लेम असा की टाइमटेबल एकदम भारी बनवतो, पहाटे ५ ते ७ पॉलिटी (राज्यघटना-राज्यव्यवस्था), मग व्यायाम, मग इतिहास, असं रात्री १२ पर्यंत सगळं रंगीत पेनाने. चार दिवस मस्त जातात, मग रूममेटचा वाढदिवस येतो नाहीतर गावाकडून कोणीतरी येतं की सगळं कोलमडलं, मग परत सोमवारपासून. अभ्यासिकेत १२ तास असतो पण खरा अभ्यास ४ तास पण होत नाही. घरी फोनवर सांगताना लाज वाटते. काय करू?
(सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : या 'सोमवारपासून'ने मुलांचं जेवढं नुकसान केलंय ना, तेवढं आयोगाने तारखा पुढे ढकलूनसुद्धा केलं नसेल.

आधी ते रंगीत टाइमटेबल भिंतीवरून काढ. त्यातली एक ओळ चुकली की खालच्या सगळ्या चुकतात, आणि मग सकाळी ९ वाजताच 'आजचा दिवस गेला' असं वाटून माणूस मोबाइल हातात घेतो. आख्खा दिवस बांधायला जाऊ नकोस, फक्त सुरुवात बांध, ती मात्र रोज सेम टू सेम. अभ्यासिकेत शिरलास की बॅग ठेवायची, मोबाइल सायलेंट करून बॅगेच्या तळाशी (टेबलावर पालथा घातलेला मोबाइल चालणार नाही, हात जातोच), पाण्याची बाटली भरून आणायची आणि काल जिथे चिठ्ठी घालून ठेवलीस ते पान उघडायचं. एवढंच. काय वाचायचं हे सकाळी ठरवायचंच नाही, कारण 'आज पॉलिटी घेऊ की इकॉनॉमी' यातच अर्धा तास जातो आणि शेवटी करंट अफेअर्सच्या नावाखाली टेलिग्राम उघडलं जातं. रात्री उठायच्या आधी दोन ओळी लिहून ठेव, उद्या पहिलं काय आणि कुठल्या पानापासून.

आता पहाटे ५ चा हट्ट. रात्री १२ पर्यंत अभ्यासिकेत बसायचं आणि ५ ला उठायचं म्हणजे झोप धड ५ तास पण नाही, मग ११ वाजता क्युबिकलमध्ये पुस्तकावर डोकं टेकवून घोरणारे असतात त्यातला तू एक. ही मेहनत नाही रे, हे नुसतं स्वतःला छळणं झालं. त्यापेक्षा परीक्षेच्या वेळा बघ. पूर्वपरीक्षेत जीएस (सामान्य अध्ययन) सकाळच्या सत्रात आणि सीसॅट (उतारे, गणित, बुद्धिमत्ता) दुपारी, दोन्ही पेपर दोन-दोन तासांचे. सीसॅटला ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि ते पण नेमकं अशा वेळी जेव्हा मेसचं जेवण अंगावर आलेलं असतं! तू रोज दुपारी पेंगत असशील तर परीक्षेच्या दिवशी दुपारी डोकं अचानक कसं चालेल? म्हणून उतारे आणि गणितं दुपारीच सोडवायची सवय लाव. '३३ टक्केच तर पाहिजेत, क्वालिफायिंग आहे, नुसतं पास व्हायचंय' म्हणत सीसॅटला अडकलेले मित्र तुझ्या आजूबाजूलाच सापडतील, त्यांना विचारून बघ.

दुसरं म्हणजे २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, लिखाणाचे १७५० मार्क. नुसतं वाचून, पिवळ्या हायलायटरने पान रंगवून भागणार नाही, पेनाने लिहायचा हात पाहिजे. रोज एक उत्तर, घड्याळ लावून, कागदावर. एकच. पण ते सकाळच्या पहिल्या बैठकीच्या शेवटी, रात्री लिहीन म्हणालास की राहिलंच.

चहाबद्दल तू लिहिलं नाहीस पण मला माहितीये. ४ च्या चहाला खाली उतरायचं आणि 'भरतीची ॲड कधी येणार, जागा किती, कटऑफ किती लागेल' करत सव्वापाच करायचे. चहा बंद करू नकोस, वेडा होशील. पण माऊलींची पालखी बघितलीयस ना, मुक्काम ठरलेले, दुपारचा विसावा पण ठरलेला, म्हणून तर एवढी माणसं एवढं अंतर चालतात, पण विसाव्याच्या जागी कोणी तंबू ठोकत नाही. तसा एक कप, उभ्याउभ्या, आणि वर. जाताना वही टेबलावर उघडी ठेवून जा, अर्ध्यात सोडलेलं गणित असेल तर अजून चांगलं, ते आपोआप वर ओढतं.

आणि वाढदिवस, पाहुणे हे येणारच, ते आले की दिवस शून्यावर जाऊ द्यायचा नाही. अशा दिवसासाठी एक छोटा अभ्यास आधीच ठरवून ठेव, समज २० प्रश्न आणि ते एक उत्तर, तासाभरात होतं. मग सोमवारची वाट बघावी लागत नाही. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंदच असतात, सगळे जेवण शोधत फिरतात, तर ती संध्याकाळ सरळ सुट्टीच धर, अपराधी वगैरे वाटून न घेता.

१२ तासांचा हिशोब मात्र सोड. वहीच्या मागच्या पानावर बसलो कधी आणि उठलो कधी तेवढं लिही, आठवडाभर, कोणाला दाखवायचं नाही. सुरुवातीला बसवतच नसेल तर २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं ब्रेक कर. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकात कॉलेजात असताना स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर हे सुरू केलं, म्हणून त्याला पोमोडोरो (इटालियनमध्ये टोमॅटो) म्हणतात. पण तिथेच अडकू नकोस, पेपर दोन तासांचा आहे, तेवढं सलग बसता आलं पाहिजे, तर हळूहळू ५० मिनिटं, मग दीड तास असं वाढवत ने.

प्रश्न : ताई, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको पण करते. काम भरपूर आहे पण वेळेत होत नाही. मुलाची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि गिऱ्हाईक कधीही येतं. यूट्यूबवर सांगतात सकाळचे दोन तास स्वतःसाठी ठेवा, ते बघून हसूच येतं. लग्नसराईत तर रात्री २ पर्यंत मशीन चालू असते.
(सांगली जिल्हा)

उत्तर : हसू यायलाच पाहिजे, ते सांगणाऱ्यांच्या घरचा डबा कोण भरतं ते पण त्यांना विचारा एकदा.

तुम्ही घड्याळाच्या वेळा ठरवूच नका, त्या तुमच्या हातात नाहीत. कामाची विभागणी डोक्याप्रमाणे करा. कटिंगला डोकं शांत लागतं, कात्री एकदा चालली की चालली, दुसऱ्याचं महागाचं कापड असतं. हुक लावणं, काज, हातशिलाई हे टीव्ही बघत, सासूबाईंशी बोलत होतं. तर मुलगा शाळेत गेल्यावर जो पहिला मोकळा तुकडा मिळेल, मग तो ९ ला मिळो नाहीतर ११ ला, त्यात फक्त कटिंग. जेवढे ब्लाऊज त्या आठवड्यात द्यायचेत त्यातले चार-पाच एकदम कापायचे, अस्तर आणि मापाची चिठ्ठी त्यालाच टाचणीने लावून प्रत्येकाची वेगळी पिशवी करायची. मग मध्येच पाणी आलं तर उठा खुशाल, परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो ते शोधावं लागत नाही. शिवताना पण एका रंगाच्या दोऱ्याचं एकदम उरका, सारखी रीळ-बॉबीन बदलण्यात किती वेळ जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

गिऱ्हाइकाचं मात्र जरा कडक व्हा. दारावर पाटी लावा, 'कपडे देणे-घेणे संध्याकाळी ५ ते ७'. पहिले पंधरा दिवस बायका कुरकुर करतील, 'आता एवढं काय' म्हणतील, पण चांगली शिलाई सोडून कुठे जातायत. आणि लग्नसराईत तारीख देताना दोन दिवस पुढची द्या, नाहीतर रात्रीचे २ काही सुटणार नाहीत. रात्री काळ्या कापडावर काळा दोरा शिवायचा नाही, हे तर सांगायला नको.

प्रश्न : २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात, माझे तीन वेळा २१ झाले, लागली नाही. माझ्यातच खोट आहे का?
(ठाणे)

उत्तर : खोट त्या आकड्यात आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला साधारण किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळून पडला आणि उरलेलं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. जेवणानंतर चालायला जाण्यासारखं, आधीच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला जोडलेलं असेल तर सोपं जातं. आणि कॅलेंडरवर फुल्या मारणं बंद करा, तुमचं लक्ष कामापेक्षा फुल्यांकडेच जास्त दिसतंय.

प्रश्न : आयटीत आहे, अमेरिकेतल्या टीमबरोबर काम. दुपारी २ ते रात्री ११ लॉगिन. मोठं काम शांतपणे करायला वेळच मिळत नाही, कॉल्सच कॉल्स. जरा कुठे रूटीन बसलं की तिकडची वेळ बदलते आणि परत सगळं विस्कटतं.
(हिंजवडी)

उत्तर : अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, म्हणजे न्यूयॉर्कच्या टीमचा जो कॉल तुम्हाला उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला असतो तो हिवाळ्यात ७ ला जातो. त्यामुळे रूटीन संध्याकाळच्या कॉलला बांधाल तर वर्षातून दोनदा मोडणारच. दुपारी २ च्या लॉगिनला बांधा, ते हलत नाही. २ ते ४ तिकडे लोक झोपलेले किंवा नुकते उठलेले असतात, तो वेळ सोन्यासारखा आहे आणि तुम्ही तो मेल चाळण्यात घालवत असणार. त्यात मोठं काम, कॅलेंडरवर ब्लॉक टाकून, चॅट बंद. मेल ४ नंतर. कॉफी संध्याकाळी ५-६ च्या पुढे नको, कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि तुम्हाला १२-१ ला झोपायचंय. आणि मार्च-नोव्हेंबरच्या त्या दोन तारखा फोनमध्ये टाकून ठेवा, घरच्यांनाही आठवडाभर आधी सांगा, जेवण ८ ला की ९ ला यावरून होणारी भांडणं तरी वाचतील.