सिनेमा बघताना डुलकी लागली, तर?

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' बघितला. गटारात उतरून काम करणाऱ्या माणसाने एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे आत्महत्या केली, असा खटला. तारखांवर तारखा पडतात, कॅमेरा जागचा हलत नाही. मला चक्क डुलकी लागली. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्हाला सिनेमा कळतच नाही." असल्या सिनेमात बघायचं तरी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डुलकीचं मनाला लावून घेऊ नका. फेस्टिव्हलला मी तासभर रांगेत उभी राहते आणि दुपारच्या खेळाला हमखास पेंगते. पोटात जेवण, डोक्यावर एसी. दर वेळी दिग्दर्शकाला कशाला बोल लावायचा?

'कोर्ट' मी एप्रिल २०१५ मध्ये, लागला त्याच आठवड्यात बघितला. तेव्हा बँकेत नोकरी करत होते. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी) कोर्टातून निघतात, लोकल पकडतात, पोराला घेऊन घरी येतात, स्वयंपाकाला लागतात. खटला तिथेच थांबलेला. पण मला वाटलं, अगं बाई, ही तर मीच! मीसुद्धा पर्स खाली ठेवायच्या आधी कुकर लावणारी.

मग त्या घरच्यांसोबत नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची टिंगल, टाळ्या, हशा. आमच्या थिएटरातही लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसता चरकले. हीच बाई उद्या त्या म्हाताऱ्या शाहिराला जामीन मिळू नये म्हणून उभी राहणार. बाई दुष्ट असती तर मी सुटले असते हो. ती तर माझ्यासारखीच, घरच्यांना गरम वाढणारी.

तेव्हा 'पुढे काय होणार' हे थोडं बाजूला ठेवून बघा. कॅमेरा हलत नाही म्हणजे कुठे बघायचं ते तो सांगत नाही. मागच्या बाकावर कोण ताटकळलंय, कोण नुसतं फाइल चाळतंय, ते आपणच शोधायचं. कंटाळा येईल. कोर्टात बसलेल्यांनाही येतोच.

आणि शेवट नक्की पुन्हा बघा. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळाकुट्ट. आमच्या रांगेतले दोघं पिशव्या उचलून उठलेसुद्धा. पण सिनेमा संपलेला नसतो. न्यायाधीश सहलीला गेलेले असतात, आणि तिथे बाकावर बसल्या बसल्या त्यांनाही डुलकी लागते. पोरं ओरडून दचकवतात, तर एकाच्या थोबाडीत बसते.

तेवढं मुलीला शेजारी बसवून बघा.